जुन्या संग्रहांतून नेपथ्य उभे करताना: आधी यादी, मग चित्र

ऐतिहासिक नाटकाचे किंवा मालिकेचे काम हाती आले की हल्ली नेपथ्यकार, वेशभूषाकार आणि कलादिग्दर्शकाचे सहायक ग्रंथालयाची पायरी चढतात. पण बहुतेक जण उलट्या क्रमाने चढतात. संहिता अर्धवट वाचलेली असते, तालमीची तारीख डोक्यावर असते. दिवसभरात दीडदोनशे पानांचे फोटो मोबाइलमध्ये येतात आणि आठवड्याने त्यातला एक फोटो कुठल्या ग्रंथातला, कुठल्या सालचा, कुठल्या गावचा, हे कुणालाच सांगता येत नाही. मग सेटवर नथ पेशवाईतली, दिवा ब्रिटिश अमदानीतला आणि भिंतीवरचे चित्र त्यानंतरचे, असा ‘जुना काळ’ उभा राहतो.

खाली क्रम देतो आहे. उदाहरण एकच धरू: नाटक १८९५ सालच्या पुण्यात, पेठेतल्या एका मध्यमवर्गीय वाड्यात घडते. ओसरी, माजघर आणि देवघराचा कोपरा दिसायला हवा. तुमचा काळ वेगळा असेल तर साधने बदलतील, क्रम तोच राहील.

## १. संहितेतून प्रश्न काढा

ग्रंथालयात जाण्याआधी संहिता दोनदा वाचा. दुसऱ्या वाचनात संवाद सोडा आणि फक्त हात बघा: कोण काय उचलतो, कशावर बसतो, काय पेटवतो, कशात पाणी पितो, कागद कुठून काढतो. त्यातून यादी करा. यादीतली प्रत्येक ओळ प्रश्न असली पाहिजे. ‘दिवे’ ही ओळ निरुपयोगी. ‘रात्री माजघरात सासू पोथी वाचते तेव्हा समई की घासलेटचा दिवा? तो ठेवतात कुठे, कोनाड्यात की जमिनीवर?’ ही ओळ कामाची.

काळही नेमका करा. ‘एकोणिसाव्या शतकाचा शेवट’ म्हणजे काहीच नाही. रविवर्मा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला. म्हणजे १८९५ च्या माजघरात त्याचे चित्र असलेच तर ते नवे, कौतुकाने लावलेले आणि एकच असेल. पुण्याच्या चित्रशाळेची रंगीत शिळाछाप चित्रे १८७८ पासून निघत होती, ती जास्त शोभतील. दहा वर्षांनी पुढे सरकलात तर हे गणित बदलते.

ताळा: यादीतल्या प्रत्येक प्रश्नासमोर ‘हे प्रेक्षकाला दिसणार आहे का?’ हे लिहा. न दिसणाऱ्या गोष्टींमागे दिवस घालवू नका. मात्र नटाला जाणवणाऱ्या गोष्टी, म्हणजे दाराची उंची, पाटाची रुंदी, तांब्याचे वजन, त्या दिसल्या नाहीत तरी ठेवा.

## २. कुठल्या प्रश्नाला कुठला संग्रह

सगळे प्रश्न घेऊन एकाच संस्थेत बसू नका. यादीचे चार गठ्ठे करा.

घर, भांडी, कपड्यांची नावे आणि किमती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे सरकारी जिल्हामाहितीच्या ग्रंथमालेचा, पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड १८८५ साली तीन भागांत निघाला. त्यातल्या लोकवस्तीच्या प्रकरणात जातवार घर, सामान, पोशाख, जेवण यांची वर्णने आहेत. भाषा साहेबाची आहे आणि काही शेरे वाचून चीड येईल, पण सामानाच्या याद्या फार उपयोगी आहेत. जोडीला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती. वस्तूचे नाव माहीत आहे पण ती दिसते कशी हे ठाऊक नाही, अशा वेळी तो आधी उघडा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो.

कापड. १८६६ साली फोर्ब्ज वॉटसन यांनी भारतीय कापडांचे अठरा खंड तयार केले. त्यांत ७०० नमुने आहेत, आणि ते चित्रे नसून प्रत्यक्ष कापडाचे तुकडे चिकटवलेले आहेत. शेजारी लांबी, रुंदी, वजन आणि कुठून आणले ते दिलेले असते. असे वीस संच झाले आणि त्यांपैकी सात भारतात ठेवले गेले. काठाचे प्रमाण आणि सुताची वीण यांसाठी यापेक्षा चांगला साक्षीदार सहसा मिळत नाही.

छायाचित्रे आणि चित्रे. विल्यम जॉन्सन यांनी १८५० आणि ६० च्या दशकांत मुंबईत टिपलेली छायाचित्रे अमेरिकेतल्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाच्या डीगोलियर ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवली आहेत. पेशवाईवर काम असेल तर त्या काळचे पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट यांची रेखाटने येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत आणि तीही घरबसल्या पाहता येतात.

रोजचे जगणे. हा गठ्ठा सगळ्यात दुर्लक्षित. ‘केसरी’ १८८१ पासूनचा, ‘मनोरंजन’ १८९५ पासूनचा. यांतल्या बातम्या आणि लेख सोडून जाहिराती वाचा. कुठले औषध, कुठले घड्याळ, कुठली छत्री, किती आण्याला, हे सगळे तिथे आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८), एशियाटिक सोसायटीचे टाउन हॉलमधले ग्रंथालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) ही अशा कामासाठी पहिली ठिकाणे. मोडी येत नसेल आणि विषय पेशवाईचा असेल तर मूळ दप्तराकडे धावू नका. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापलेले आहेत, आधी ते चाळा.

इशारा: ‘मराठी’ म्हटले की एकच पोशाख, असे नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातली आणि तिथल्या भोसले दरबाराची चित्रे देखणी आहेत, पण ती तंजावरची. तिथले पागोटे पुण्याच्या पात्राच्या डोक्यावर चढवू नका. गोव्यातल्या घराचे नाटक असेल तर पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातली पोर्तुगीज काळातली नियतकालिके पाहा. पुण्याच्या गॅझेटियरचा तिथे काही उपयोग नाही.

इंग्रजी सूचीत शोधताना जुनी स्पेलिंगे वापरा. ‘पुणे’ टाकून दहा नोंदी येतील तिथे ‘पूना’ टाकून शंभर येतात. ‘मराठा’चेही दोनतीन अवतार करून पाहा.

## ३. परवानगी, वेळ आणि पिशवी

हा भाग कंटाळवाणा आहे, थोडक्यात सांगतो. आधी फोन करा. सभासदत्व लागते का, ओळखपत्र कोणते, दुर्मीळ पुस्तकासाठी किती दिवस आधी अर्ज करायचा, मोबाइलने फोटो चालतात का, हे चार प्रश्न विचारा. निर्मिती संस्थेच्या कागदावर पत्र घ्या आणि त्यात कामाचा विषय व काळ स्पष्ट लिहा. ‘संशोधनासाठी’ एवढेच लिहिलेल्या पत्रावर ग्रंथपाल मदत करू शकत नाही. तुम्हाला काय हवे ते त्याला कळले, तर सूचीत नसलेली वस्तूही तो काढून देतो.

पिशवीत शिसपेन्सिल, फूटपट्टीऐवजी मऊ कापडी टेप, भिंग, रंगपट्टीचे छोटे कार्ड आणि नोंदपत्रके. शाईचे पेन बाहेर ठेवा. जुन्या पुस्तकाला हातमोजे सहसा नकोत. स्वच्छ, कोरडे हात बरे, कारण मोज्यात बोटांना पानाची कड कळत नाही आणि पान फाटते. मूळ छायाचित्र हाताळायचे असेल तर मात्र मोजे मागून घ्या. फ्लॅश कधीही नाही.

## ४. वाचनकक्षात: फोटोआधी पत्रक

इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो, कारण मोबाइल हातात असतो आणि पुस्तक मोहात पाडते. क्रम असा ठेवा.

आधी ग्रंथाच्या शीर्षकपानाचा फोटो. मग संग्रहाचा दाखल क्रमांक दिसेल असा फोटो. मग संपूर्ण पानाचा फोटो, चित्राखालच्या मजकुरासकट. शेवटी हव्या त्या तपशिलाचा जवळून फोटो, शेजारी रंगपट्टी आणि टेप ठेवून. पुढच्या पानावर जाण्याआधी पत्रक भरा. त्यात एवढे रकाने पुरतात:

- संग्रह, दाखल क्रमांक, पान
- कोणी काढले किंवा लिहिले, कधी, कुठे
- कोणासाठी काढले
- माझ्या यादीतल्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर
- यावरून काय सिद्ध होते
- यावरून काय सिद्ध होत नाही

शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि पुढे जे बिघडते ते तिथूनच बिघडते.

ताळा: दुपारच्या चहाला बाहेर याल तेव्हा फोटो आणि पत्रके जुळतात का पाहा. जुळत नसतील तर त्याच दिवशी परत बसा. पुस्तक पुन्हा मागवायला आठवडा जाऊ शकतो.

## ५. चित्राची उलटतपासणी

घाई करायचीच असेल तर दुसरीकडे करा. इथे नको.

स्टुडिओ की घर? जुन्या छायाचित्रातली खुर्ची, गालिचा, कठडा, मागचा रंगवलेला पडदा हे सगळे छायाचित्रकाराचे सामान. त्या घरात ते नव्हते. अशा फोटोतून फक्त अंगावरचे घ्या, आणि तेही ठेवणीतले आहे हे लक्षात ठेवून. माजघरात वावरणारी बाई त्या शालूत नसते.

माणूस आणि मागचे दृश्य एकाच जागचे आहे का? जॉन्सन यांच्या मुंबईच्या जातीजमातींवरच्या १८६० च्या दशकातल्या ग्रंथात माणसे वेगळी टिपून मागे दुसरीच इमारत जोडलेली आहे. पोशाख खरा, पार्श्वभूमी बेतलेली. पायाजवळची सावली आणि जमिनीची रेघ भिंगातून पाहिली की जोड दिसतो.

चित्रकार तिथे हजर होता का? पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा वकील मॅलेट तह करतो आहे, ते थॉमस डॅनियलचे प्रसिद्ध तैलचित्र प्रत्येक पेशवाई मालिकेच्या मूडबोर्डवर, म्हणजे संदर्भचित्रांच्या फळ्यावर, असते. प्रसंग १७९० चा. चित्र १८०५ साली लंडनमध्ये पुरे झाले आणि ते पुण्यात काम केलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून बेतलेले आहे. वेल्स १७९५ मध्येच वारला होता. चेहरे आणि पागोटी यांसाठी चित्र वजनदार, कारण वेल्सने माणसे समोर बसवून काढली होती. खांब, छत, दालनाची भव्यता यांसाठी मात्र सावध राहा.

चित्र उलटे तर नाही? स्कॅन करताना काचपट्टी (काचेवरची निगेटिव्ह) उलटी पडते, काही जुन्या तंत्रांत प्रतिमा मुळातच आरशासारखी येते. आपल्याकडे यावर हुकमी उपाय आहे: जानवे पाहा. ते डाव्या खांद्यावरून असायला हवे. उजव्यावर दिसले तर एक तर चित्र उलटे आहे, नाहीतर गृहस्थ श्राद्धाला बसले आहेत. दुकानाची पाटी दिसत असेल तर प्रश्नच मिटला.

रंग. इथे जवळजवळ सगळे फसतात. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि तांबड्याला जवळपास आंधळ्या होत्या. त्यामुळे लाल, केशरी आणि पिवळे कापड छायाचित्रात काळपट उतरते, तर निळे फिकट. कपाळावरचे कुंकू काळा ठिपका दिसते. विधवेचे लाल आलवण काळे दिसते, आणि ते पाहून कित्येक वेशभूषाकारांनी सोवळ्या बाईला काळे लुगडे नेसवले आहे. करडे छायाचित्र पाहून ‘गडद’ आणि ‘फिकट’ एवढेच लिहा. रंगाचे नाव मजकुरातून किंवा कापडाच्या नमुन्यातून आणा.

दुसरा आजार तपकिरीचा. जुनी छायाचित्रे पिवळट-तपकिरी असतात म्हणून सेटही तपकिरी, भिंती तपकिरी, साड्या मातकट. तो तपकिरीपणा कागदाच्या आणि रसायनांच्या म्हातारपणाचा आहे. १८९५ सालची नवी साडी १८९५ साली नवीच होती, आणि तोवर बाजारात आलेले रासायनिक रंग चांगले भडक होते. संग्रहालयात मूळ वस्त्र पाहायला मिळाले तर क्युरेटरला विचारून शिवणीची किंवा घडीची आतली बाजू पाहा. उजेड न लागलेला रंग तिथे शिल्लक असतो.

तपासणी झाली की प्रत्येक पत्रकावर १, २ किंवा ३ लिहा. त्या काळातली, त्या गावची, प्रत्यक्ष पाहून केलेली नोंद म्हणजे १. काळ किंवा जागा थोडी दूरची, ती २. नंतरच्या कुणीतरी कल्पनेने काढलेली, ती ३. छापखान्यांतली पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रे सगळी ३ मध्ये. ती टाकून द्यायची नाहीत. १८९५ च्या लोकांना शिवाजी महाराज कसे दिसत होते, हे दाखवायला ती पहिल्या दर्जाची साधने आहेत. शिवकालासाठी मात्र नाहीत.

इशारा: ३ दर्जाच्या पत्रकावरून काहीही बांधायला देऊ नका, जोवर दिग्दर्शकाने ‘मला माहीत आहे, तरी हवे’ असे म्हटलेले नाही. असे म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

## ६. मजकुराशी गाठ

चित्राने वस्तू दिसते, पण ती कुठे ठेवायचे, कोण वापरायचे, कधी काढायचे, हे मजकूर सांगतो. निदान महत्त्वाच्या दहाबारा वस्तूंसाठी चित्र आणि मजकूर अशी जोडी जमवा. त्या पिढीतल्या बायकांच्या आठवणी आणि आत्मचरित्रे इथे कामी येतात. छायाचित्रकार स्वयंपाकघरात कधी गेला नाही. त्या तिथेच होत्या.

कागदपत्रांचा एक वारंवार दिसणारा दोष: १८९५ सालचे घरगुती पत्र किंवा हिशेबाची वही सेटवर सुबक बाळबोध अक्षरांत लिहिलेली असते. छापील मजकूर बाळबोध होता, हाताने लिहिलेले व्यवहाराचे कागद मोडीत. कॅमेरा जवळ जाणार असेल तर मोडी जाणणाऱ्याकडून लिहून घ्या. बोरू, दौत आणि शाई टिपण्यासाठी वाळूदाणीही त्याच टेबलावर, म्हणजे खरे तर उतरत्या मेजावर, हवी.

आणखी एक. १८९५ च्या घरात सगळ्या वस्तू १८९५ च्या नसतात. सासूच्या लग्नातली पितळी भांडी तीसचाळीस वर्षे जुनी, दिवा पाच वर्षांपूर्वीचा, छत्री या पावसाळ्यातली. यादीतल्या प्रत्येक वस्तूला घरात येण्याचे साल द्या. एवढ्या एका रकान्याने सेट दुकानासारखा दिसायचा थांबतो.

## ७. माप काढणे

छायाचित्रावरून माप काढताना माणसाला पट्टी करा, पण तो मोजायच्या वस्तूच्या अगदी लगत, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर उभा असेल तरच. पागोट्यामुळे उंची फसवी वाटते, म्हणून टाचेपासून डोळ्यांपर्यंत मोजा आणि ते अंतर ढोबळ ५ फूट धरा. समजा, प्रिंटवर ते ३० मिलिमीटर भरले आणि शेजारची चौकट ३६ मिलिमीटर, तर चौकट ६ फुटांची. दोनतीन इंच इकडेतिकडे होणारच. म्हणून हे माप उभ्या असलेल्या एखाद्या वाड्यात जाऊन पडताळा. पुण्यात विश्रामबागवाडा आहे, शिवाय पेठांमध्ये अजून थोडे वाडे शिल्लक आहेत. जुन्या कागदांत घर खणांत मोजलेले असते आणि खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. हे अंतर वाड्यागणिक बदलते, त्यामुळे त्याला आपल्या मनाने फूट चिकटवू नका.

आतली दारे ठेंगणी ठेवा. सोयीसाठी सात फुटी दार लावले की नट ताठ आत येतो आणि आजच्या फ्लॅटमध्ये शिरल्यासारखा दिसतो. उंबरठा आणि बुटकी चौकट असली की तो आपोआप वाकतो, पाय उचलतो, आणि तालमीत शिकवावे लागत नाही. फडताळ, कोनाडे, खुंट्या यांची उंची जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या हिशेबाने काढा.

ताळा: पाव इंचाला एक फूट या मापाचे पुठ्ठ्याचे मॉडेल करा आणि त्यात बसलेली माणसे ठेवून पाहा. उभ्या माणसांवर बेतलेले मॉडेल बैठकीच्या घरात खोटे पडते.

## ८. रंगमंचाला वेगळे, कॅमेऱ्याला वेगळे

जमवलेले सगळे जसेच्या तसे उतरवू नका. नाटकात दहाव्या रांगेपुढे बारीक नक्षी विरघळते. लुगड्याचा काठ मूळ नमुन्यात दीड इंच असेल तर रंगमंचावर तो अडीच इंच करावा लागेल, आणि तसे केल्याचे पत्रकावर लिहा, म्हणजे उद्या कुणी तोच काठ चित्रपटासाठी उचलणार नाही. दौऱ्याचे नाटक असेल तर फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या सुट्या भिंती, टेम्पोत मावतात का, दोन तासांत उभे राहतात का, हे आधी पाहा. कडीपाटाचे संपूर्ण छत बांधण्यापेक्षा दोन तुळया आणि एक झालर पुरते. प्रकाशयोजनाकारही दुवा देईल.

पडद्यावर उलट. इथे सहा इंचांवरून समईची वात दिसते, कागदाचा पोत दिसतो, आणि डिजिटल छपाईचे ठिपकेसुद्धा दिसतात. संग्रहातून आणलेला फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा असेल तर उच्च प्रतीचा स्कॅन संस्थेकडून अधिकृतपणे मागवा. मोबाइलचा फोटो चालत नाही.

दोन्हीकडे लागू: कापड आणि भिंतीचा रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका. ज्या दिव्यात दिसणार त्याच दिव्यात तुकडे धरून पाहा. घासलेटच्या पिवळ्या उजेडाचा आभास देणाऱ्या प्रकाशात निळे-जांभळे विझतात आणि तुम्ही पंधरा दिवस शोधलेला काठ नाहीसा होतो.

## ९. हक्क आणि श्रेय

भारतात चित्रकाराच्या, लेखकाच्या आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकाराच्याही मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क चालतो. १८९५ च्या छायाचित्राचा हक्क बहुधा संपलेला असतो. पण संस्थेने केलेल्या स्कॅनच्या वापराच्या अटी वेगळ्या असू शकतात. नुसती प्रेरणा घेतली तर सहसा प्रश्न नाही. तीच प्रतिमा पडद्यावर, जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात जाणार असेल तर लेखी परवानगी घ्या. ती छपाईच्या आधी घ्यायची असते. आदल्या रात्री पाठवलेल्या ईमेलला कुठल्याही संग्रहाने उत्तर दिल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

श्रेयनामावलीत संस्थेचे नाव तिने सांगितलेल्या शब्दांतच घाला. पत्रकांचा गठ्ठा निर्मिती व्यवस्थापकाकडे न देता स्वतःकडे ठेवा आणि त्याची एक प्रत ग्रंथालयाला द्या. पुढचा नेपथ्यकार त्याच पुस्तकासाठी येईल तेव्हा ग्रंथपाल ती काढून देईल, आणि चुकलेल्या दोनचार पत्रकांवर त्याची दुरुस्तीही होईल.